चुलीच्या पायात निघालेलं हाड

ग्रासिंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मे महिन्यात जाहीर केलं की यंदा पंधरा ऑगस्टच्या आत अंगणात तारली मासे भाजायची पक्की चूल झालीच पाहिजे. विटांची, धुराडं असलेली. पंधरा ऑगस्टला माझ्या सासूबाईंचा, दोना एतेल्विनांचा, अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस. त्यासाठी मेव्हणा वाल्देमार लक्झेंबर्गहून स्वतःच्या गाडीनं सहकुटुंब येणार होता, आणि वाल्देमारच्या तिकडच्या घरी म्हणे बटण दाबलं की पेटणारी चूल आहे.

"दोन शनिवारांचं काम," मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारलं, ते मी नाकारत नाही. नोटरीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस आपल्या तोंडून गेलेला शब्द नाकारत नसतो. फक्त कोणत्या परिस्थितीत गेला, एवढं नोंदवून ठेवतो. परिस्थिती अशी की मी तेव्हा जेवत होतो आणि विषय लवकर संपावा एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्या शनिवारी मी पाया खणायला घेतला. मी कुदळ उचलली की शेजारचे आबिलियो मधल्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून उभे राहतात, हा आमच्या गल्लीतला नियमच आहे. आबिलियोंनी चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर काढली. जमिनीशी त्यांचा फारसा संबंध आला नाही, त्यामुळे जमिनीबद्दल त्यांची मतं फार ठाम आहेत.

"बेल्मिरो, कुदळ अशी नाही धरायची."

"मग कशी धरायची?"

"मी दाखवलं असतं. पण माझी कंबर."

दोन हात खोल गेल्यावर कुदळ खणकन वाजली. मी माती बाजूला केली. खाली काळपट तांबूस, घोटून गुळगुळीत केल्यासारखा एक मोठा दगड होता. एका टोकाला दोन गोल पाव शेजारी शेजारी ठेवावेत तसा फुगीर. मी कुदळ खाली ठेवली. कारण आमच्या भागात हे काय असतं, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

आमच्याकडे डायनासोर ही काही अप्रूपाची गोष्ट नाही. चौकात सिमेंटचा डायनासोर आहे. बेकरीत त्या आकाराची बिस्किटं मिळतात. समुद्राकडचा कडा दर हिवाळ्यात थोडा ढासळतो आणि त्यातून कुणाचा तरी मणका बाहेर डोकावतो. गावात ज्याला स्वतःची शाळेची इयत्ता धड आठवत नाही, तोही कोणत्या थरात काय सापडतं ते तुम्हाला ऐकवतो.

आबिलियो कंबर विसरून भिंतीवरून इकडे आले. खड्ड्यात उतरले, वाकले, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी त्या दगडाला जीभ लावली.

"हाडच," ते म्हणाले. "दगड असता तर जीभ सुटली असती. ही बघ, चिकटते."

ही पद्धत शास्त्रीय आहे, असं मला नंतर कळलं. पण आपल्या अंगणात गुडघ्यांवर बसून चुलीचा पाया चाटणारा शेजारी बघताना शास्त्र आठवत नाही. संध्याकाळपर्यंत बेकरीवाली, पाद्रीसाहेबांची बहीण आणि टपालवाला येऊन चाटून गेले. टपालवाल्यानं दोनदा चाटलं. पहिल्यांदा नीट कळलं नाही म्हणे.

सगळ्यांचा सल्ला एकच. "माती लोट आणि वर चूल बांध. कोण बघतंय?" पाद्रीसाहेबांच्या बहिणीच्या स्वयंपाकघराखाली अख्खी शेपटी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आबिलियोंनी तर बोटानं दाखवून कुठल्या कुठल्या घराखाली काय काय आहे, ते सांगितलं. ते ऐकून माझी खात्री झाली की आमचं गाव नुसत्या हाडांवर उभं आहे आणि कागदोपत्री मात्र त्यातलं एकही नाही.

पण मी नोटरीचा माणूस. मी म्हणालो, "नाही. कायद्यानं जे करायचं तेच मी करणार. सोमवारी पालिकेत जाऊन कळवणार."

सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. गेली एकवीस वर्षं त्या माझ्याशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचं ते माझ्यासमोर ग्रासिंदाला सांगतात.

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं," त्या म्हणाल्या, "शहाणा माणूस हाड सापडलं तर सूप करतो. हा अर्ज करणार."

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून पालिकेत गेलो. बांधकाम विभागात दोना ओतिलिया बसतात. बारीक चणीच्या, चष्मा साखळीला लावलेल्या, आणि कागद हातात घेण्याआधी तो ओला आहे का हे बघणाऱ्या. मी त्यांना सगळं व्यवस्थित सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"खणत का होतात?"

"चूल बांधायला."

"धुराड्यासकट?"

"हो."

"परवानगी?"

अंगणातल्या चुलीला परवानगी लागते, हे मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत मी लोकांच्या जमिनी, विहिरी, लग्नं आणि मृत्युपत्रं कागदावर उतरवली, पण तारल्या भाजायच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, ते कधी बघायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी मी हाडाची नोंद करायला गेलो होतो आणि काम थांबवण्याची नोटीस घेऊन घरी आलो. नोटिशीत 'बेकायदा उत्खनन व बांधकाम' असे शब्द होते. माझं पूर्ण नाव त्यांच्यापुढे होतं. स्पेलिंग बरोबर होतं, हेच जास्त लागलं.

"कुणाला कळवू नको म्हणून सगळे सांगत होते," ग्रासिंदा म्हणाली.

"मी कायद्यानं वागलो."

"हो ना. म्हणून नोटीस तुला आली. शेपटीवर स्वयंपाक करणारीला नाही आली."

आता सगळी भिस्त शास्त्रज्ञांवर होती. ते येतील, हाड प्लास्टरमध्ये गुंडाळतील, उचलून नेतील, मी परवानगी काढीन, चूल होईल. जूनच्या अखेरीस संग्रहालयाची दोतोरा बेनेदिता आली. तिशीतली, उन्हानं नाक सोललेली, पायात जाड बूट. पोटावर पडून तिनं ब्रशनं माती झाडली आणि विचारलं, "कुणी हात वगैरे नाही ना लावला?"

"हात नाही," मी म्हणालो. खरं बोलायची सवय वाईट. "जीभ लावली. साधारण चौदा जणांनी."

तिनं ते वहीत लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. अर्ध्या तासानं ती उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या जातीचं आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक. पंधरा कोटी वर्षं. वरचा भाग झिजून गेलाय."

"मग कधी नेताय?"

"नेत नाही," ती म्हणाली. "अशी अकरा आहेत आमच्याकडे. ठेवायला फळी नाही. तसं बघायला गेलं तर अगदी सामान्य नग आहे, सेन्योर बेल्मिरो."

मला आधी हायसं वाटलं. "म्हणजे मी त्याच्यावर चूल बांधू शकतो?"

"छे! हलवायचं नाही. झाकायचं नाही. वर वजन द्यायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही, पाणी तर अजिबात नाही. ही राष्ट्राची ठेव आहे."

म्हणजे न्यावं इतकं ते महत्त्वाचं नव्हतं, आणि हलवू द्यावं इतकं बिनमहत्त्वाचंही नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ चमत्कारिक दस्तऐवज पाहिले आहेत. एकदा तर एकाच गाढवाचे सात वारस होते. पण अशी कोंडी मी पाहिली नव्हती. आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नाही ती इथे सांगतो. रात्री पडल्या पडल्या मला त्या 'सामान्य' शब्दाचा राग आला. ते हाड मला नको होतं, हे खरं. पण नको असलेली वस्तूसुद्धा माणसाची स्वतःची असते.

सावली करायला हवी म्हणून मी पत्र्याचं छप्पर घालायचं ठरवलं. दोना ओतिलियांनी सांगितलं की छप्पर म्हणजे बांधकाम, आणि या पत्त्यावर बांधकामबंदी आहे. मग मी समुद्रावरची मोठी छत्री आणून खड्ड्यात रोवली. तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. छत्री उडाली ती आबिलियोंच्या खुराड्यावर जाऊन बसली. कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत. आबिलियो रोज सकाळी भिंतीवरून मला रिकामी टोपली दाखवायचे.

छत्रीनं आणखी एक घात केला. रस्त्यावरून ती दिसायची. एका सकाळी मी बनियनवर, तोंडात ब्रश धरून मागच्या दारी आलो, तर भिंतीपलीकडे एक जर्मन जोडपं कॅमेरा घेऊन उभं.

"डायनासोर?" नवऱ्यानं विचारलं.

माझ्या तोंडात फेस होता. मी मान हलवली. त्यानं फोटो काढला. तो कशाचा काढला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

इकडे आबिलियोंच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. "मांडीचं टोक तुझ्याकडे आहे," ते म्हणाले, "म्हणजे खालचा पाय कुठे असेल? विचार कर. जनावर काय एका मांडीवर उभं होतं का?" त्यांच्या मते खालचा पाय, पोट आणि मुख्य म्हणजे डोकं त्यांच्या जागेत होतं. डोकं सापडलं तर त्या जातीला आपलं नाव देतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी म्हणालो, "आबिलियो, खणायला परवानगी लागते." ते म्हणाले, "परवानगी लागते ती विचारणाऱ्याला."

तेरा ऑगस्टला दुपारी ते खणत खणत भिंतीखालून आले आणि त्यांना सापडला तो आमचा पाण्याचा नळ. म्हणजे कुदळीला सापडला. कारंजं माझ्या डोक्याइतकं उंच गेलं. मुख्य चावी रस्त्यावर, तिचं झाकण गंजलेलं. ते उघडेपर्यंत आमच्या खड्ड्याचा हौद झाला होता. मी पातेलं, ग्रासिंदा बादली आणि आबिलियो स्वतःची टोपी घेऊन तासभर पाणी उपसत होतो.

"राष्ट्राची ठेव भिजली!" मी ओरडलो.

"पंधरा कोटी वर्षांत त्याला पाऊस लागला नसेल होय?" आबिलियो म्हणाले. मी तेच वाक्य आणखी मोठ्यानं ओरडलो.

खिडकीतून आवाज आला, "ग्रासिंदा, तुझ्या नवऱ्याला विचार, वाढदिवसाला लोक जेवायला येणार आहेत की पोहायला?"

घरात दोन दिवस पाणी नाही, अंगणाच्या मधोमध चिखलाचा खड्डा, चुलीच्या विटा जूनपासून ताडपत्रीखाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाल्देमारची चकचकीत गाडी गल्लीत शिरली. वाल्देमार उतरला, त्यानं बहिणीचे मुके घेतले, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि खड्ड्याकडे बघितलं.

"ही चूल?"

"हा डायनासोर आहे," मी म्हणालो.

"कुठे आहे?"

"समोर आहे तो."

"हे? एवढंसं?" वाल्देमार हसला. "अरे, आम्ही पोरांना घेऊन ब्रसेल्सला गेलो होतो. तिथे रांगेनं उभे आहेत. अख्खे! हाडन् हाड! हे म्हणजे, बेल्मिरो, राग नको मानू, पण हे खाटकाच्या दुकानात उरतं तसं उरलंय."

माझं काय झालं, मला कळलं नाही. दोन महिने मी त्या हाडाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण त्या क्षणी मी वाल्देमारच्या छातीवर बोट ठेवून म्हणालो, "त्याची मांडी तुझ्या गाडीपेक्षा लांब होती. आणि ते इथलं होतं. लक्झेंबर्गला गेलं नाही!"

हे जरा जास्त झालं. वाल्देमारचा चेहरा पडला. ग्रासिंदानं मला आत नेलं आणि जे सांगायचं ते दार लावून सांगितलं. तिचा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला तो हौस म्हणून गेला नव्हता, हे मलाही माहीत होतं. मी बाहेर येऊन माफी मागितली. त्यानं "जाऊ दे" म्हटलं आणि बाही वर सारून उरलेला चिखल उपसायला घेतला. फावडं मात्र माझ्याहून चांगलं चालवतो, हे मान्य केलं पाहिजे.

पंधरा तारखेला सव्वीस माणसं जेवायला. टेबलं खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना लावली, त्यामुळे मिठाची बरणी हवी असली की खड्ड्यावरून हात लांब करावा लागे. तारल्या आबिलियोंनी भाजल्या, अर्ध्या कापलेल्या पत्र्याच्या पिंपात, कोळशावर. नळ फोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून ते स्वतःहून आले होते. तारल्या उत्तम झाल्या. मी जूनपासून ज्या चुलीसाठी अर्ज घेऊन पालिकेच्या पायऱ्या झिजवत होतो, तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, हे सगळ्यांनी पाव मोडता मोडता मला सांगितलं.

ग्रासिंदानं दोतोरा बेनेदितालाही बोलावलं होतं. मला ते आवडलं नव्हतं. पाण्याचं प्रकरण तिला कळू नये म्हणून मी खड्ड्यावर चटई टाकली होती. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. टेबलाच्या मुख्य जागी त्यांची फुलं लावलेली खुर्ची होती. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ती चटई काढा," त्या म्हणाल्या. "आणि मला इथं कडेला बसवा. दोन महिने खिडकीतून नुसता गोंधळ ऐकतेय. ज्याच्यामुळे झाला त्याला तर बघू दे."

वाल्देमारनं आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना खड्ड्याच्या काठावर उशीवर बसवलं. पाय आत सोडून त्या खाली बघत राहिल्या.

"हे कोणतं हाड म्हणालीस, पोरी?"

"मांडीचं," दोतोरा ताटली बाजूला ठेवत म्हणाली. "म्हणजे हे टोक गुडघ्याचं."

"डावा की उजवा?"

"डावा."

"माझाही डावाच," सासूबाई म्हणाल्या आणि वाकून त्यांनी त्या फुगीर टोकावरून हात फिरवला. डॉक्टर रुग्णाचा गुडघा चाचपतो, तसा. त्यांचा हात थांबला. "याचा दुखत होता."

सगळे हसले. दोतोरा हसली नाही. ती ताडकन उठून खड्ड्यात उतरली. नळाच्या पाण्यानं वरची माती धुऊन निघाली होती आणि एका बाजूला हाडावर खडबडीत, भाकरीला फोड यावेत तशी वाढ स्पष्ट दिसत होती. ती खिशातलं भिंग काढून त्यावरून फिरवत राहिली. तारल्या थंड झाल्या.

"सांधा झिजलेला आहे," ती अखेर म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बरीच वर्षं. हे जनावर लंगडत होतं. आणि तरी म्हातारं होईपर्यंत जगलं. असं आमच्या अकरांपैकी एकाचंही नाही. सेन्योर बेल्मिरो, हे न्यावं लागेल. सोमवारी माणसं पाठवते."

मी याच वाक्याची दोन महिने वाट बघत होतो. मी हात जोडणार एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "कुठे नेता?"

"संग्रहालयात, दोना एतेल्विना. अभ्यास करायला."

"फेब्रुवारीत लुडोविना गेली," सासूबाई म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत होत्या, ते कळत नव्हतं. "ती माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी. तेव्हापासून या गावात सगळ्यांत म्हातारी मी. जो येतो तो मला विचारतो, जुन्या काळी कसं होतं? मी कुणाला विचारू?" त्यांनी हाडावर थोपटलं. "हे आहे माझ्याहून मोठं. गुडघाही दुखरा. राहू दे की जरा."

मग त्यांनी मान वर केली आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बेल्मिरो, तुला अर्ज करता येतो ना? कर की मग."

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून पालिकेत गेलो. कागद होईपर्यंत माणसं पाठवत नाही, असं दोतोरानं कबूल केलं होतं. दोना ओतिलियांनी मला बघून चष्मा लावला.

"चुलीबद्दल?"

"चूल नको. तो अर्ज मागे घेतो. मला हाड ठेवायचंय."

"ठेवायला परवानगी लागते."

"म्हणूनच आलोय."

त्यांनी दोन पानांचा अर्ज दिला. मी तिथेच बाकावर बसून भरला. 'वस्तूचे वर्णन' इथं मी लिहिलं: गुडघा, डावा. 'जागेवर ठेवण्याचे कारण' या रकान्यापाशी बराच वेळ गेला. चौतीस वर्षांत लोकांची कारणं मी झरझर लिहिली होती, स्वतःचं लिहायची वेळ आली की पेन अडतं. शेवटी लिहिलं: घरात वयस्कर माणूस आहे. तिला सोबत.

दोना ओतिलियांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावून पुन्हा वाचलं.

"'कालावधी' कोरा आहे."

"हो."

"कोरा चालत नाही. किती दिवस ठेवणार, ते लिहावं लागतं."

"ते मी कसं लिहू, दोना ओतिलिया? तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. हातातलं पेन खाली ठेवलं. खणातून पेन्सिल काढली आणि त्या रकान्यात, खोडता येईल इतक्या हलक्या हातानं, स्वतःच लिहिलं, 'सध्या'. आणि शिक्का मारला.